यादीत राहून गेलेलं काम

ग्लासगो, मंगळवार

प्रिय बाबा,

तुम्ही पाठवलेले धुरी दिलेले मासे पोचले. मी ठणठणीत आहे.

आमच्या प्रयोगात माणसाला मशीनमध्ये झोपवून त्याच्या मेंदूची चित्रं घेतात. आत त्याला काय, कोणत्या क्रमाने करायला सांगायचं, हे वीस वर्षं मी ठरवलं. आता एआय ठरवतं. त्यासाठी साहेबांनी माझं प्रत्येक काम लिहून मागितलं. मी मूर्खासारखं प्रामाणिकपणे लिहून दिलं.

पहिल्याच आराखड्यात त्याने वीस मिनिटं वाचवली. सगळे खूश. आणि प्रयोगाला आलेले म्हातारे मॅकॉस्लन आतून ओरडले, "अरे, बाहेर कुणी आहे का?"

मधूनमधून मी माइकवरून आत झोपलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे. ते लिहायचंच राहिलं. मला ते काम वाटलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, "तुझ्याच यादीत नाही, इशबेल. एआयला काय स्वप्न पडणार होतं?"

आईचं विसरणं वाढलं असलं, तरी ती अजून तुम्हाला ओळखून नावाने हाक मारते ना? आईसाठी मदतनीस देण्यासाठी गावच्या कौन्सिलच्या बाई, तुम्ही तिच्यासाठी करता त्या कामांची यादी मागतायत म्हणालात. घाईने देऊ नका, बाबा. जे तुम्ही लिहायला विसराल, त्यावरच आई तग धरून आहे.

तुमची, अजून तरी नोकरीत असलेली,
इशबेल