पुलाखालची अकरा पिल्लं

आबेरिस्टविथ,
१४ सप्टेंबर

हेफिनदादा,

तुझी कंबर कशी आहे? इकडे तीन दिवस समुद्रावरून वारा सुटलाय, खिडक्या मिठाने पांढऱ्या झाल्यात. चॅपलच्या छपराचं काम निघालंय, त्यामुळे रविवारची प्रार्थना शेजारच्या सभागृहात, कुडकुडत.

परवा फोनवर तू एकच वाक्य बोललास. "तेगवेन, पुलावरची पाटी वाचली मी, चार परक्या लोकांत उभा राहून." आणि ठेवून दिलास. मी पुन्हा केला नाही. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

पाटीवरचं खरं आहे. ‘या नदीतले मासे खाऊ नका’, माझ्याच तपासणीवरून लिहिलेलं. पण मला ते कधी कळलं, हे पाटीवर नाही. नऊ महिन्यांपूर्वी कळलं.

गेल्या वर्षी तू नदीतल्या ट्राउट माशांची आणून हौदात वाढवलेली अंडी पांढरी पडून मरत होती. जगली त्यातली काही पिल्लं कण्यात वाकडी. तू म्हणालास, "तुम्ही प्रयोगशाळेत नुसत्या खुर्च्या गरम करता, जरा आमच्या माशांचं रक्त तरी बघा!" म्हणून मी नदीतले बावीस ट्राउट तपासले. निरोगी पेशीत एकच केंद्रक असतं, गोल, नीटस. इथे त्याच्या बाजूला तुटून पडलेले बारीक तुकडे. एकोणीस माशांत. कारण पाण्यात उतरलेलं शिसं, जस्त, कॅडमियम. पिल्लांना आईबापांकडून जे मिळतं, तेच मोडलेलं. मी तीनदा मोजलं, चुकत असेन म्हणून.

तुला कळवणार, त्याच आठवड्यात माइरवहिनी गेली.

त्यानंतर दोन महिने तू कोणाकडे गेला-आला नाहीस. सकाळी उठून हौद तेवढा बघायचास. मी फोन केला की म्हणायचास, "आज तीनच मेली." तेवढं सांगताना तुझा आवाज पूर्वीसारखा असायचा. मग विचारायचास, "निकाल आला का गं?"

"अजून नाही," मी म्हणायचे. किती वेळा म्हटलं, तेही विसरले.

एप्रिलमध्ये वर्षाची झालेली पिल्लं सोडायला तू मला बोलावलंस. मी बादली घेऊन तुझ्याशेजारी पाण्यात उभी राहिले, दादा, आणि मला सगळं माहीत होतं. तू वाकून त्यांना म्हणालास, "जा रे, आता तुमचं तुम्ही बघा." मीही माझी बादली ओतली.

कोणाशी भांडता आलं असतं तर भांडले असते. पण हे विष ज्या डोंगरातल्या शिशाच्या खाणीतून येतं, ती बंद होऊन शंभर वर्षं झाली, कंपनी कधीच बुडाली. मी सरकारी कार्यालयात जाऊन आले. तिथला माणूस भला होता, चहा दिला त्याने. म्हणाला, "बाई, बोगद्यातून पाणी येतच राहणार. इथे बुजवलं तर डोंगर दुसरीकडून फुटेल." किती वर्षं, मी विचारलं. त्याने माझ्या कपात आणखी चहा ओतला. शिवाय त्याच खाणीत आपले आजोबा शिसं फोडायचे, त्यावर आपलं घर उभं राहिलं. शिव्या तरी कोणाला घालायच्या?

शेजारचा इवान सांगत होता, तू हौद रिकामे केलेस, जाळ्या धुवून कुंपणावर टाकल्यास. थांब म्हणायचं तोंड मला नाही. आणि थांबून काय करशील, तेही मला सांगता येत नाही.

आता एकच राहिलं. ऑगस्टमध्ये मी पुलाखाली अकरा पिल्लं पकडली. तू खुणेसाठी कापलेल्या पाठीवरच्या छोट्या परावरून ओळखली, तुझीच होती, एप्रिलमध्ये सोडलेली. धष्टपुष्ट झाली होती. काल रात्रीपर्यंत मी त्यांचं रक्त बघत होते. अकराही जणांत तेच तुकडे.

हे अजून कोणालाच माहीत नाही, माझ्या साहेबांनाही नाही. या वेळी आधी तुला सांगतेय.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

तुझ्याशेजारी उभी राहून गप्प बसलेली,
तेगवेन