बामच्या दोन डब्या

३ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून रागावलीस, पण फोनवर ही शेजारी उभी असते आणि मला लिहायचंय ते तिच्यासमोर बोलवत नाही. दोन महिन्यांत माझं अकरा किलो वजन उतरलं. पोट फुगलेलं, दिवसातून सहा वेळा पळापळ. दुकानात घड्याळ उघडून भिंग डोळ्याला लावलं की नेमकी तेव्हाच कळ येते. एक गिऱ्हाईक म्हणालं, काका, आता तुम्हीच सर्व्हिसिंगला जा.

डॉक्टर आधी म्हणाले होते, आतड्यात जंतू असतील. विमा कंपनीनेही पुढची मंजुरी देण्याआधी शौचाच्या तपासणीचे तीन दिवसांचे तीन रिपोर्ट मागितले. तिन्ही स्वच्छ आले. मग स्कॅनमध्ये सूज दिसली, आणि आता सोळा तारखेला पोट उघडून बघायचं ठरलंय. कंपनीने एका झटक्यात मंजुरी दिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या पटकन हो म्हणाली, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

अप्पांचंही असंच सुरू झालं होतं ना गं? मी घाबरलोय ताई. चिमटे, भिंगं सगळं पुसून डब्यात भरून ठेवलंय.

जाण्याआधी एक कबूल करतो. मी चौथीत होतो तेव्हा शाळेत डॉक्टर आले होते आणि सगळ्या मुलांना नमुना आणायला सांगितला होता. आईने आपल्याला बामच्या दोन रिकाम्या डब्या दिल्या, वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून. माझं पोट बिघडलेलं होतं. वर्गात हसतील म्हणून मी चिठ्ठ्या बदलल्या. जंतू तुझ्या नावावर निघाले. आठवडाभर तू आईसमोर कडू गोळ्या गिळल्यास आणि मी दारामागून बघत राहिलो. माफ कर.

नातवंडांना गोड पापा. लोभ आहे तेवढा राहू दे, पथ्य फक्त जेवणाला आहे.

तुझा,
पिटुकल्या


६ मार्च

चि. पिटुकल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘जाण्याआधी’ हे दोनदा वाचलं, दोनदा रडले, आणि मग असा राग आला की काय सांगू! चौसष्ट वर्षांचा घोडा झालास, तरी अक्कल चौथीतलीच.

सदतीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. नातेवाईक नाक मुरडायचे, माझ्या हातचा चहा नको म्हणायचे. त्या नोकरीने मला एक शिकवलं. काचेखालचं खोटं बोलत नाही, डबी आणणारा बोलतो. तुझी ती जुनी गोष्ट वाचली आणि मनात पाल चुकचुकली. आईची शपथ घालते. त्या तीन डब्यांत कोणाचं होतं?

अप्पांचं म्हणशील तर ते वर्षभर दाखवायलाच गेले नाहीत. पोटाचं काय बोलायचं म्हणून लाजत बसले. त्यांना आजारापेक्षा संकोचाने नेलं. एकदा ते बघितलंय मी. तुझ्या बाबतीत बघणार नाही.

उलट टपाली खरं लिही. ते आलं की मग माझ्या मायेचं काय ते बघू.

तुझी,
ताई


९ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. नमुना तासाभरात पोचवायचा होता, आणि लॅबच्या खिडकीत बसणारी मुलगी माझीच गिऱ्हाईक. एरवी सहा वेळा पळणारा मी, सकाळी डबी हातात घेतली की सगळं ठप्प. शेवटी हिच्या पाया पडलो. ही वेळेची पक्की. आधी चिडली, मग म्हणाली, सुखदुःखात वाटा घेईन म्हटलं होतं, पण हे त्यात धरलं नव्हतं. तिन्ही दिवस नाव माझं, ऐवज हिचा. मला वाटलं, नुसता विम्याचा कागदच तर भरायचाय.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून तिन्ही रिपोर्टांवर काट मारली. ऑपरेशन थांबवलंय. आता रोज सकाळी माझी डबी मीच नेऊन देतो. खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, माझं घड्याळ कधी देताय? तिला त्याचं काहीच नव्हतं.

रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला आहे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
पिटुकल्या


१२ मार्च

चि. पिटुकल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बायकोचे पाय धुऊन पाणी पी. ऑपरेशन थांबलं हे वाचून किती दिवसांनी पोटभर जेवले.

जंतू निघाले तर तीच जुनी गोळी देतील. भयंकर कडू असते. पाण्याबरोबर पटकन गिळ. दुधात कुटून घालू नकोस, चव लपत नाही.

कळावे. काळजी करण्याचं काम माझं आहे, ते मला करू दे.

तुझी,
ताई


२० मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्या डबीत सापडले! नुसते जंतू. सात दिवसांच्या गोळ्या, बस्स. ही देवापुढे न जाता थेट माझ्या गळ्यात पडून रडली.

विमा कंपनीने कळवलंय की मी चोवीस तास दाखल नव्हतो म्हणून काही मिळणार नाही, शिवाय दुसऱ्याचा नमुना दिल्याबद्दल लेखी खुलासा द्या. संसार, एवढंच लिहू का?

आता ऐक. काल पहिली गोळी जिभेवर विरघळली. ही चव मला माहीत होती. चौथीत त्या आठवड्यात रोज दूध कडू लागायचं. दूध नासलंय म्हणून मी आईकडे तक्रार केली, तर तू डोळे वटारून म्हणालीस, निमूट पी.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. आईसमोर तू गोळी गालात धरत होतीस, आणि ती जात होती माझ्या पेल्यात. वर्गातली मुलं हसली ती मात्र तुला. पंचावन्न वर्षं ही गोष्ट माझ्या छातीवर होती आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस.

आज तुझं ऐकलं नाही. गोळी कुटून दुधातच घातली. नासलेलं नव्हतं गं, ताई. सगळं प्यालो.

तुझा,
पिटुकल्या