शहाणी ठमी

४ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या ठमीला बालवाडीत माझ्याच वर्गात बसवलंय. बाईही मी आणि मावशीही मीच, त्यामुळे बिचारीला गाऱ्हाणं सांगायलाही जागा नाही. तू तिला माझ्याकडे ठेवून परगावी नोकरीवर गेल्यापासून एकदाही रडली नाही. हट्ट नाही, सांडलवंड नाही. मीही वर्गात सांगते, ठमीकडे बघून शिका जरा.

बाबा लांब कामाला गेलेत, असं मात्र ती सगळ्यांना सांगते. ते वारले हे तिला ठाऊक नाही. तू नेमकं काय सांगितलंयस? आईने एक आणि बाईने दुसरं सांगितलं की मुलांचे हाल होतात.

जेवत जा. तब्येतीचं खरंखुरं लिही.
तुझी ताई

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पोर शहाणी झाली, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. निघताना ती पदर सोडेना. शहाण्यासारखी वागलीस की बाबा येतील, असं सांगून वेळ मारून नेली. चार वर्षांच्या पोरीला मरण काय समजावणार? तू काही बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे.

माझ्या लेकीवर करतेस तेवढीच माया माझ्यावरही ठेव.
तुझी धाकटी

२५ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद. आधीच सांगते, ठमी आता बरी आहे. काल घसरगुंडीवरून पडली. उठली आणि गुपचूप रांगेत उभी राहिली. डब्याच्या वेळी डाव्या हाताने खाताना दिसली म्हणून उजवा बघितला, तर मनगट टम्म सुजलेलं. हाड मोडलंय, प्लास्टर घातलं. डॉक्टरांकडेही हूं की चूं केलं नाही. का गं, विचारलं, तर म्हणाली, रडलं की बाबांना आणखी उशीर होतो.

मातीला हात का लावत नाही, शू आली तरी का सांगत नाही, ते आता कळलं. आणि मी रोज शाबासकी देत होते. मला स्वतःची लाज वाटते.

शपथ मोडत नाही, पण तू ये. हे आईनेच सांगायला हवं.
तुझी ताई

३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. तुझ्याकडून परत सुखरूप पोचले. तू दूध तापवायला आत गेलीस तेव्हा मी ठमीला सांगितलं, पण नंतर तुझ्यापुढे तोंड उघडेना, म्हणून लिहिते. बाबा मेले, आता कधीच येणार नाहीत, असं सरळ सांगितलं. ती रडली नाही. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिने हळूच विचारलं, माझं कुठे चुकलं, मी तर रोज शहाण्यासारखी वागत होते.

तुझं काही चुकलं नाही, असं मी म्हणाले. तिला पटलं नाही, ताई.

आता तिला शहाणी म्हणू नकोस. सांडू दे, हट्ट करू दे. एवढी माया कर, आणि ती रडली की लगेच कळव. मी त्या पत्राची वाट बघते आहे.
तुझी धाकटी