साहेबांचं 'एक्स्ट्रीमली'

ती. आईस,
दुरूनच पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. खोली हवेशीर आहे, जेवण पोटभर. उजवा हात थोडा भाजलाय, डाव्याने लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीचे पाय.

हॉटेलच्या धुलाईखान्यातले आमचे साहेब सगळं टोकाचंच बोलतात. चादरीची घडी नीट पडली की 'एक्सलंट'. मी आधी हुरळून गेले. मग पाहिलं, लिफ्ट आली तरी ते 'एक्सलंट'च म्हणतात.

इस्त्रीच्या मशीनची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी निघालीय, असं मी सांगितलं, तेव्हा 'मोस्ट अर्जंट' म्हणाले. बोलाचीच कढी! हात भाजला तेव्हा 'एक्स्ट्रीमली सॉरी'. त्याच दुपारी एका पाहुण्याच्या शर्टाचं बटण तुटलं. त्यालाही 'एक्स्ट्रीमली सॉरी', वर नवा शर्ट. मलम मात्र माझं मीच आणलं.

आपल्याकडे उलटंच. मी शाळेत पहिली आले तेव्हा बाबा नुसतं "बरं झालं" म्हणाले आणि पाठ फिरवून डोळे पुसत राहिले. अजून तसेच आहेत का गं?

तुझा गुडघा कसा आहे? 'थोडा दुखतो' असं लिहू नकोस. आपल्या घरातलं 'थोडं' किती असतं, ते मला ठाऊक आहे. वर मीही तेच लिहिलंय.

तुझीच,
धाकटी