रोशनीचा राजीनामा

सिडको, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

ती. सगुणाआत्यास,
दीपमालाचा शि. सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. एम.बी.ए. झाल्यावर तू विचारलं होतंस, एचआरमध्ये नेमकं काय करतात. माणसांची भरती, रजा, तक्रारी सांभाळतात, असं मी ऐटीत सांगितलं होतं.

अंबडच्या या कारखान्यात मला दोन महिने झाले. शुक्रवारी आमचे मॅनेजर महेश सर यांनी बोलावलं. पॅकिंगला रोशनी म्हणून आहे, तीन वर्षं काम करते, सहावा महिना चालू आहे. तुझं मराठी चांगलं आहे, तिच्या नावानं ‘घरगुती कारणामुळे’ असा राजीनामा लिही आणि सही घे, म्हणाले. बाळंतपणानंतर परत घेऊ, असं तिला सांगायचं. तसं लेखी देऊ का, विचारलं तर हसले.

आत्या, मी लिहिला. सहीही घेतली. तिनं वाचलासुद्धा नाही. ताईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल, म्हणाली. प्रसूती रजेचा कायदा मला पाठ आहे गं! महेश सरांचा असा संताप येतो की माझाच राजीनामा त्यांच्या तोंडावर फेकावा. पण बाबा काय म्हणतील? काय करू, कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
दीपमाला

सटाणा
८ ऑगस्ट २०२५

चि. दीपमाला हिस आत्याचे आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या साहेबाचा राग आला, दुसऱ्यांदा तुझा. सांगणारा तो, पण लिहिणारा हात तुझा. तुला किती वाईट वाटतंय ते सगळं लिहिलंस. तिच्या घरी कोण आहे, सहाव्या महिन्यात तिला दुसरं काम कोण देणार, यातलं एक अक्षर नाही. तुला माहीत तरी आहे का?

तीस वर्षं अंगणवाडीत काढली. बायकांचे अंगठे घ्यायला येणारे लय पाहिले, सगळे गोड बोलणारे. त्यात माझी भाची असेल असं वाटलं नव्हतं.

नोकरी सोडायचं आत्ता मनात आणू नकोस. तू निघून गेलीस तर तिच्या बाजूनं कोण सांगेल? आधी तिच्या दारात जा, चूक कबूल कर. तुझ्या बापाचं मी बघते.

वेळेवर जेवत जा. रागावले तरी तुझीच,
सगुणाआत्या

सिडको, नाशिक
२१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं पत्र मिळाल्यावर लगेचच्या रविवारी चुंचाळ्याला रोशनीच्या घरी गेले. तिचा नवरा दीपक रिक्षा चालवतो, सासू आजारी. मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मॅडम, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?” ताई म्हणाली नाही.

राजीनामा मागे घेतल्याचं पत्र तिनं स्वतः लिहिलं. तो मजकूर माझा होता, असं मी सहीनिशी लिहून दिलं. दोन्ही कागद कामगार अधिकाऱ्यांकडे दिले. चौकशीत महेश सर म्हणाले, मुलगी नवी आहे, तिनं मनानंच केलं. ‘रोशनीचा राजीनामा आजच पाहिजे’ हा त्यांचा मेसेज मी दाखवला.

रोशनीला पगारी रजा मिळाली. तीही कशी, तर महेश सरांनी पुष्पगुच्छ देऊन फोटो काढायचा घाट घातला. तिनं रजेचं पत्र घेतलं, पुष्पगुच्छ टेबलावरच ठेवला आणि निघाली.

मला गेल्या सोमवारी काढलं. काम समाधानकारक नाही म्हणे. सर त्याच केबिनमध्ये आहेत. बाबांना मीच सांगितलं, अजून ते माझ्याशी बोलत नाहीत.

काल पॅकिंगच्या तिघी माझ्या खोलीवर आल्या. नोकरीला लागतानाच त्यांच्याकडून तारीख न घातलेल्या राजीनाम्यांवर सह्या घेतल्यात. ते कागद सरांच्या कपाटात आहेत. तीन महिने मी त्या कपाटाशेजारी बसत होते, आत्या, आणि मला माहीत नव्हतं. उद्या सकाळी चौघी मिळून कामगार अधिकाऱ्यांकडे जाणार आहोत.

तुझा राग असाच माझ्या पाठीशी राहू दे.
दीपमाला