आप्पांनी लावलेलं ‘सारखी’

मंगळवार, दिवेलागण

शुद्धलेखनाला आधीच माफी. शाळा आठवीतच सुटली, आन् मोबाईलवर एका बोटानं टाइप करते, त्यामुळं लई हळू हाय.

आरू, माझी धाकटी बहीण, दहावीचं मराठी करत बसली हुती. म्हणली, “ताई, ‘सारखी’ लावलं की उपमा. न लावता थेट तीच वस्तू म्हणलं की रूपक.” मी धारा काढून किटली घासत हुते. मग तिनं वडलांना, आप्पांनाच इचारलं, “आप्पा, मी कोण?”

“तू? तू माझ्या घरातली दिवाळी हाईस.”

“रूपक! आन् ताई?”

“ताई व्हय? ताई बैलासारखी हाय. कवा थकत न्हाई.”

सगळी हसली. मी पण हसले. का हसले मी?

आप्पा कौतुकानंच बोलले, कळतंय मला. पण तिला थेट दिवाळी, आन् मला बैल, त्यो बी नुसता ‘सारखी’ लावून. आईची कंबर गेली तवा शाळा मी सोडली, तिनं न्हाई. त्या दिवाळीला तेल कोण घालतंय?

मग किटली घासता घासता मनात एक जुळवलं. आरू म्हंजी गोचीड, अंगाला चिकटून रक्त पिती ती. ‘सारखी’ लावलंच न्हाई. माझं पहिलं रूपक, आन् बरोबर आलं. कुणाला दाखवू? लिवताना वाईट वाटलं, पण खोडत न्हाई.

आप्पा गोठ्यातनं वरडत्यात. म्हैस व्याली, मादी रेडकू झालं! हाक मला मारली, दिवाळीला न्हाई.