चहा गार नव्हता

३ मार्च, सोमवार

काम दिलं होतं बायकोला, गळ्यात पडलं माझ्या! फिजिओबाई तिचा पाय वाकवून-सरळ करून झाल्यावर म्हणाल्या, "रोज दिवसातली एक चांगली गोष्ट लिहायची. एकच. मनाला बरं वाटतं." बायको पलंगावरूनच म्हणाली, "मला नको. यांना द्या. यांना दिवसभर नुसती खोट दिसते." फिजिओबाई हसल्या आणि वही माझ्या हातात आली.

खोट दिसते कारण पगार त्याचाच मिळतो. कपबश्यांच्या कारखान्यात तपासायला बसतो मी. पट्ट्यावरून कप येतो, लाकडी काडीनं टिचकी मारायची, कान द्यायचा. खणखणला तर पास, बद्द वाजला तर बाद. टवका, चरा, टिपका, फोड, वाकडा कान — प्रत्येक खोटीला नाव आहे.

बायको बस कंडक्टर. आयुष्यभर चालत्या गाडीत उभी राहिली आणि पडली कुठे, तर आपल्याच जिन्यावर! गेल्या सप्टेंबरात. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश. पण बाई पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि परत येते, बस्स. तिसरा मजला, लिफ्ट नाही. "पाय बरा झालाय, भीती बरी व्हायचीय," असं फिजिओबाई म्हणतात. तिनं जिना उतरावा, एवढंच मला हवंय. दुसरं काही नको.

तर, आजची चांगली गोष्ट — चहा गार नव्हता.

४ मार्च

बस चुकली नाही.

५ मार्च

साहेब ओरडले नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं नाही (भाजी मीच केली होती). एकच सांगितली होती, दोन झाल्या. एक उद्याच्या खात्यात धरावी.

७ मार्च, शुक्रवार

ती हसली!

फिजिओबाई गेल्यावर म्हणाली, "वाचा की काय लिहिलंय ते. ऐकू द्या." वाचलं. चहा गार नव्हता. बस चुकली नाही. साहेब ओरडले नाहीत. आधी ओठ दाबून ऐकत होती. मग खांदे हलायला लागले, मग उशीत तोंड. "अहो, ही चांगली गोष्ट आहे की तपासणीचा शेरा? लग्न ठरल्यावर आईंना असंच सांगितलं असेल तुम्ही — मुलगी आंधळी नाही, लंगडी नाही!"

आणि एकदम थांबली. लंगडी हा शब्द आमच्या घरात हल्ली कुणी काढत नाही. म्हटलं, झालं, संपलं. पण छे! पुन्हा फुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सप्टेंबरपासून असं हसू ऐकलं नव्हतं मी. मलाच रडू यायला लागलं. चष्मा पुसायच्या निमित्तानं आत सटकलो.

१० मार्च, सोमवार

"नाही" न वापरता एक वाक्य लिहायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत वही उघडली आणि बसलो ढिम्म! शेजारी भट्टीवाला डबा खात होता. "काय रे, मृत्युपत्र लिहितोस का?" सांगितलं सगळं. त्यानं घास थांबवून विचारलं, "चांगल्या कपाला तुमच्यात काय म्हणतात?"

"पास."

"आणि?"

"आणि काय? पास!"

"म्हणजे वाईटाला ढीगभर नावं आणि चांगल्याला नुसता शिक्का. मग सुचणार काय तुला, डोंबल?"

बोलायला भारी फटकळ आहे, पण खोटं नव्हतं त्याचं. सुट्टीनंतर एक पास झालेला कप उचलून नीट बघितला. इतकी वर्षं हजारो सोडले, बघितला एकही नव्हता. काठाशी किंचित निळसर झाक. तळहातात बरोबर बसला. आत भट्टीची ऊब अजून शिल्लक! तेवढ्यात पट्ट्यावर मागे कपांची गर्दी झाली आणि साहेब बोंबलले. बोंबलू देत.

आजची — कप उबदार होता.

१२ मार्च

बायको खिडकीतून रस्त्यावरच्या बसवर डोळा ठेवून असते. म्हणाली, "नवीन पोरगी घंटी घाईनं मारते. म्हातारी अजून पायरीवर होती!" खोट काढण्यात बाईसाहेब माझ्या वरचढ. पण बोलताना डोळे कसे चमकत होते तिचे. तेच लिहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

आज फिजिओबाईंनी घराचं दार सताड उघडलं. "नुसतं बघून येऊ या." बायको काठी टेकत गेली. चौकट धरली. जिन्याकडे बघितलं मात्र, आणि अंगभर कापरं. "मला बसवा, मला बसवा." दोघांनी मिळून आणून बसवलं.

मी म्हणालो, "अगं, हाड जुळलंय ना, आता कसली भीती?" बोललो आणि जीभ चावली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवलीसुद्धा नाही.

आज काही चांगलं नाही. ओढूनताणून लिहिणार नाही.

१५ मार्च, शनिवार

सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, "काल काय लिहिलंत?"

"काही नाही."

"का?"

"लिहिण्यासारखं होतं काय काल?"

तिनं कप खाली ठेवला. "मी दारापर्यंत गेले, ते?"

खरंच की! दवाखान्यातून आणल्यापासून ती एकदाही दारापर्यंत गेली नव्हती. काल गेली, स्वतःच्या पायांनी! आणि मी काय बघितलं, तर परत फिरली तेवढं. जाताना दिसलीच नाही मला. टिचकी मारली, बाद म्हटलं आणि मोकळा झालो.

"लिहितो," म्हणालो.

"तारीख कालची घाला."

१४ मार्च — बायको दारापर्यंत गेली.

१८ मार्च, मंगळवार

आता मी कामावरून आलो की बूट काढायच्या आत प्रश्न — "आज काय लिहिलंत?" स्वतः ओळ लिहायची नाही, पण माझ्या वहीवर नजर सावकाराची! आज सांगितलं, "डब्यातली भाजी छान झाली होती."

"हे काय लिहिणं झालं? थांबा, तुम्हाला लिहायला देते काहीतरी."

उठली. दार उघडलं. आधी एक पाय बाहेर, मग दुसरा. दाराबाहेर उभी! घामानं डबडबली होती, काठीवरची बोटं पांढरी पडली होती. मी हात पुढे केला तर डोळे वटारले. "लिहा!"

लिहिलं.

२१ मार्च, शुक्रवार

पहिला जिना उतरली!! तिसऱ्यावरून दुसऱ्यावर!

फिजिओबाई पुढे, मी मागे. त्यांनी नियम पाठ करून घेतलाय — उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला. मध्येच ती अडखळली असं वाटून मी ओरडलो, "दुखरा आधी, दुखरा आधी!" मागे वळूनही न बघता म्हणाली, "चालकाशी बोलू नये!" फिजिओबाईंना हसू आवरेना, कठडा धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या मजल्याशी टेकली, दम घेतला, आणि जो आवाज लावला! "दुसरा मजलाऽऽ! उतरणाऱ्यांनी पुढे याऽऽ!" दोन दारं उघडली. एका दारातून टाळ्या, दुसऱ्यातून "काय झालं, काय झालं?" काय झालं म्हणजे? माझी बायको परत आली, ते झालं! छाती फुगली माझी.

२२ मार्च

पाय सुजलाय. बर्फ लावला. ती मात्र खुशीत — "हे चालल्याचं दुखणं आहे, पडल्याचं नाही."

२६ मार्च, बुधवार

रस्ता!

आज तळमजला पार केला आम्ही. खालचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून दुकानातून धावत आला. "वहिनी! अहो वहिनी!" खुर्ची आणून दिली. ती बसली नाही. फुटपाथवर उभी राहिली, तोंड वर केलं आणि डोळे मिटून घेतले. "ऊन," म्हणाली. एवढंच. तिच्या गालांवर ऊन होतं आणि गाल ओले होते. माझेही होते, नाकारत नाही.

मग डोळे उघडले आणि शिंप्याला म्हणाली, "ही खुर्ची वाटेत आहे, बाजूला घ्या." झाली ठणठणीत!

जिंकलो आम्ही. सरळ लिहितो — जिंकलो.

२८ मार्च, शुक्रवार

परवाचा माज आज उतरला. फिजिओबाई म्हणाल्या, "काका, आज तुम्ही वरच थांबा." बायको पहिल्या पायरीवरच अडली. हलेचना. "हे मागे असतील तरच." फिजिओबाई मला हळूच म्हणाल्या, "काठी सुटेल हो त्यांची. आता तुम्हीच काठी झालायत."

झोंबलं. कारण खोटं कशाला लिहू — ती उतरताना माझा हात घट्ट धरते, ते मला आवडतं. पण मी कामावर गेलो की ती पुन्हा खोलीत, घड्याळाकडे बघत. याला बरं होणं म्हणत नाहीत.

तिला म्हटलं, "एकदा एकटी जाऊन बघ." म्हणाली, "एकटी? ते या जन्मात होणे नाही. दुसरं काहीतरी लिहा."

३१ मार्च

दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिची पावलं आता माझ्याहून लांब पडतात. हात सोडला नाही — ना तिनं, ना मी.

३ एप्रिल, गुरुवार

जिन्यावर बसून लिहितोय, आमच्याच दारासमोर. दाराला कुलूप! मी किल्ली कधी नेतच नाही, बायको घरात असतेच म्हणून. धावत खाली गेलो, शिंप्याला विचारलं.

"वहिनी? मघाशीच गेल्या की."

"कुणाबरोबर?"

"एकट्याच."

"कुठे?"

"ते सांगायला थांबल्या कुठे! घाईत होत्या."

घाईत होत्या!

भूक लागलीय, पाठ दुखतेय, पायरी गार आहे. येऊ दे तिला सावकाश.